वळचण, विहीर आणि बांधावरची बाभूळ

मळ्यातल्या वस्तीवर सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात कमी बघितला जाणारा पक्षी म्हणजे सातभाई. मातकट करड्या रंगाचा, फिकट डोळ्यांचा, शेपटी ढिली सोडून टुणटुण उड्या मारणारा. पाच-सात-दहांचा घोळका उकिरड्यावर उतरतो, पालापाचोळा चोचीनं उलटा करून किडे वेचतो, एकमेकांवर ओरडतो आणि एकामागून एक रांगेनं उडून पुढच्या झाडाखाली जातो. गावाकडे दुर्बीण घेऊन आलेली मंडळी त्यांच्याकडे पाठ करून काही रंगीत दिसतंय का ते शोधतात. मी मात्र पक्षी बघायला शिकणाऱ्याला सातभाईंपासूनच सुरुवात करायला सांगेन. घराजवळच्या पक्ष्यांचं खरं मोल असं की ते रोज दिसतात. आणि जो रोज दिसतो त्याचं नुसतं रूप नाही, सबंध जगणं बघता येतं. त्यातही कोण कोणावर विसंबून आहे हे एकदा दिसायला लागलं की अंगण पुन्हा पूर्वीसारखं दिसत नाही.

देशावर साधारण दोन प्रकारचे सातभाई भेटतात. उघड्या माळाला, बाभळी-बोरींच्या मुलखात असतो तो जरा थोराड, करडा. उडताना त्याच्या शेपटीच्या कडेची पांढरी पिसं स्पष्ट दिसतात आणि आवाज नाकातून काढल्यासारखा लांब. दाट झाडीत, आमराईत, बागेत असतो तो रानसातभाई. त्याच्या शेपटीला पांढरी कड नसते. घोळका चरत असताना एखादा सातभाई उंच जागा धरून बसलेला दिसेल. तो पहारा करतो. मांजर, मुंगूस किंवा शिक्रा दिसला की तो ओरडतो आणि सगळा घोळका झुडपात शिरतो. पिल्लं झाली की त्यांना भरवायला आई-बापांखेरीज घोळक्यातले इतरही येतात. दुपारच्या उन्हात हे सगळे एका फांदीवर अंगाला अंग लावून बसतात आणि एकमेकांची पिसं साफ करतात. हे बघायला दुर्बीणही लागत नाही. गोठ्याच्या सावलीत अर्धा तास न हलता बसायची तयारी पुरते.

जून आला की या घोळक्याभोवती दुसरं नाट्य सुरू होतं. मे सरता सरता किंवा जूनच्या सुरुवातीला काळ्या-पांढऱ्या रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला चातक दिसायला लागतो. नैर्ऋत्येच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून अरबी समुद्र ओलांडून तो आपल्याकडे येतो. पावसाचाच थेंब झेलून तो जगतो ही समजूत फार जुनी आहे. प्रत्यक्षात तो किडे खातो, आणि इतर पक्षी टाळतात त्या केसाळ अळ्या त्याला विशेष आवडतात. पाऊस पडला की अळ्यांचा सुकाळ होतो आणि सातभाईही घरटी करायला लागतात. चातकाला ही दोन्ही कामाची, कारण तो स्वतः घरटं करत नाही. मादी सातभाईच्या घरट्यात अंडं घालते. सातभाईची अंडी निळी, चातकाचंही अंडं निळं. चातकाचं पिल्लू सातभाईच्या पिल्लांना घरट्याबाहेर ढकलत नाही, पण खाणं मिळवण्याच्या शर्यतीत बहुधा तीच मागे पडतात. श्रावण-भाद्रपदात सातभाईंच्या मागे चोच वासून फिरणारं काळं-पांढरं, तुऱ्याचं पिल्लू दिसलं तर ते याच घरातलं.

आणि तो एकटा नाही. मृगाच्या तोंडावर पहाटेपासून, कधी चांदण्या रात्रीही जो चढत्या सुरात ओरडतो, ज्याच्या ओरडण्यात शेतकऱ्यानं ‘पेरते व्हा’ ऐकलं, तो पावशाही आपली अंडी सातभाईकडेच देतो. पावशा दिसायला शिक्र्यासारखा, इतका की तो झाडावर आला की लहान पाखरं गलका करतात. तो क्वचितच उघड्यावर येतो, म्हणून बहुतेकांनी त्याला फक्त ऐकलेलं असतं. म्हणजे ज्या दोन पक्ष्यांच्या आवाजाकडे आपण पावसासाठी कान लावून बसतो, त्या दोघांचीही पुढची पिढी वाढते ती उकिरडा उकरणाऱ्या या मळकट पाखरांच्या जिवावर. सातभाईंना लागतात काटेरी झुडपं, बांधावरचं गवत आणि पालापाचोळा. बांध कोरून झाडोरा साफ केला, तर त्या वस्तीवर चातकाला अंडं घालायला जागा उरत नाही.

कावळा आणि कोकीळ यांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते, पण अंगणात बसून ती बघणारे थोडे. कुहू कुहू करतो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. तिचा आवाज म्हणजे घाईघाईचं किक्-किक्-किक्. एप्रिल-मेमध्ये कावळे काड्या वेचायला लागले की कोकिळेच्या नराचा आवाज वाढतो, याचं कारण एकच: दोघांचा विणीचा हंगाम एक आहे. नर कावळ्याच्या घरट्याजवळ उघड्यावर येऊन ओरडतो, कावळे त्याच्या मागे लागतात. तेवढ्यात मादी घरट्यात जाऊन अंडं घालून निघून गेलेली असते. कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असतं, पण लवकर उबतं. तिच्या पिल्लाबरोबर कधी कधी कावळ्याचीही पिल्लं वाढतात, हे मात्र शाळेच्या पुस्तकात आपल्याला सांगितलेलं नसतं. कावळ्यानं घरटं कोणत्या झाडावर, कोणत्या बाजूला, किती उंच बांधलं यावरून पावसाचा अंदाज बांधणारी जाणती माणसं गावोगाव आहेत. तो अंदाज खरा ठरो न ठरो, त्या निमित्तानं दरवर्षी घरटी शोधून त्यांच्या जागा लक्षात ठेवल्या जातात, ही फार मोलाची सवय आहे असं मला वाटतं.

कावळ्यालाही वस्तीवर भिऊन राहावं लागतं ते कोतवालापुढे. काळा कुळकुळीत, माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली लांब शेपूट, आकारानं बुलबुलाहून थोडा मोठा. पहाटे तांबडं फुटायच्या आत ज्यांचा आवाज सुरू होतो त्यांत तो पुढे असतो आणि संध्याकाळी अंधारून आल्यावरही तारेवरून किड्यांवर झेप घेताना दिसतो. नांगर चालला, गुरं चरायला निघाली की तो मागे असतो, कारण पायांनी उठलेले किडे आयते मिळतात. म्हशीच्या पाठीवर बसून तो कितीतरी वेळ प्रवास करतो. पण त्याचं खरं रूप दिसतं ते मे-जूनमध्ये, घरट्यात अंडी असताना. कावळा, घार, प्रसंगी त्याहून मोठा शिकारी पक्षी, कोणीही झाडाजवळ आलं की कोतवाल वरून झेपावतो आणि त्याला हद्दीबाहेर घालवून देतो. होले, बुलबुल, हळद्या यांनी बरोबर त्याच झाडावर संसार मांडलेला पुष्कळदा सापडतो. होल्याचं घरटं म्हणजे चार काड्या आडव्या-उभ्या टाकलेल्या. खालून बघितलं तर अंडी दिसावीत इतकं विरळ. असं घरटं राखायला कोतवालाचा शेजार किती उपयोगी पडत असेल! वस्तीवरच्या लिंबाच्या झाडावर कोतवालाचं घरटं सापडलं तर त्याच झाडाच्या बाकीच्या फांद्या जरूर निरखून बघाव्यात.

विहिरीकडे वळू. विहिरीवर झुकलेली बाभूळ किंवा शिंदी असेल तर पावसाळ्यात तिच्यावर सुगरणींचे खोपे लटकायला लागतात. या एका पक्ष्यावर कोकणातल्या एका खेड्यात झालेलं काम जगभर गाजलं. डॉ. सालिम अली जर्मनीत शिकून परत आले तेव्हा त्यांच्या हाताला काम नव्हतं. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले आणि १९३० च्या पावसाळ्यात तिथल्या सुगरणींच्या वसाहतीसमोर बसून एकेका नराची आणि मादीची हालचाल टिपत राहिले. तोवर समज असा होता की जोडी जमते आणि दोघं मिळून घरटं करतात. अलींनी दाखवलं की विणकाम नराचं. तो खोपा अर्धा, शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत विणतो आणि पंख फडफडवत, ओरडत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरते, ओढून-ताणून बघते. पसंत पडला तर मुक्काम करते, नाही पडला तर शेजारचा बघते. पसंती मिळाल्यावर नर खोपा पुरा करतो, खाली नळी काढतो, आणि मादी अंड्यांवर बसली की तो त्याच झाडावर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१ मध्ये हा अभ्यास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. प्रयोगशाळा नव्हती, महागडी साधनं नव्हती. घराजवळचं झाड होतं आणि ते सोडून न जाणारा माणूस होता.

आपल्या विहिरीवर हे सगळं आजही बघता येतं. नराचं डोकं आणि छाती पिवळी होते ती फक्त विणीच्या हंगामात. एरवी तो मादीसारखाच भुरा. ऊस, ज्वारी, भात किंवा लांब गवताच्या पात्याला तो चोचीनं खाच पाडतो आणि धागा ओढत उडून जातो. असे शेकडो धागे एका खोप्याला लागतात. खोपे झाडाच्या कोणत्या अंगाला आहेत ते बघा: बहुतेक पूर्वेकडच्या, कारण पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून झोडपतो. वाऱ्यानं पडलेला खोपा हाती आला तर आतल्या भिंतीवर सुकलेल्या चिखलाचे गोळे सापडतात. रात्री उजेड पडावा म्हणून सुगरण त्या चिखलात काजवे चिकटवते, असं आजीनं सांगितलेलं पुष्कळांना आठवत असेल. काजवे काही सापडत नाहीत, पण चिखल खराच असतो. हलका खोपा वाऱ्यात फार हेलकावू नये म्हणून हे वजन असावं, असा एक तर्क आहे. झाडावरच्या अर्धवट सोडलेल्या खोप्यांचीही मोजणी करावी. ते नापसंत झालेल्या नरांचे.

आता घराकडे. कौलारू घराची वळचण, माळवदाच्या भिंतीतली भोकं, तुळई आणि भिंत यांच्यामधली सांद, देवादिकांच्या तसबिरींमागची जागा: चिमणीचा संसार इथे. नराच्या गळ्यावर काळा पट्टा, डोक्यावर राखाडी टोपी. मादी साधी भुरी. चिमणी दाण्यावर जगते हे अर्धंच खरं, कारण पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि मऊ किडेच लागतात. घराभोवती सगळीकडे कोबा केला, परसात तणनाशक आणि कीटकनाशक मारलं, तर मूठभर तांदूळ टाकून पिल्लं जगत नाहीत. सिमेंटच्या नव्या घराला वळचण नसते. तिथे लाकडी खोकं लावता येतं: प्रवेशाचं भोक साधारण सव्वा इंचाचं, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर, दुपारचं ऊन लागणार नाही अशा भिंतीला. भोक यापेक्षा मोठं ठेवलं तर साळुंकी जागा बळकावते.

जुन्या वाड्याच्या पडक्या भागात, गोदामात किंवा विहिरीच्या कपारीत गव्हाणी घुबड असण्याची शक्यता मोठी. बदामासारखा पांढरा चेहरा, उडताना पंखांचा जराही आवाज नाही. ते उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं, केस यांची गोळी ओकून टाकतं. त्याच्या बसायच्या जागेखाली अशा काळपट गोळ्या पडलेल्या असतात. एक गोळी पाण्यात भिजवून काडीनं उलगडली की उंदराच्या कवट्या, जबडे, दात वेगवेगळे निघतात. शाळकरी मुलांना शेतातल्या उंदरांचा वैरी कोण हे समजावायला याहून चांगला धडा नाही. तरीही अपशकुनी म्हणून घुबडाला दगड मारले जातात, अघोरी प्रकारांसाठी त्याला पकडलंही जातं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा गुन्हा आहे. लहानखुरा पिंगळा तर दिवसाउजेडीही ढोलीच्या तोंडाशी बसलेला असतो. जवळ गेलं की तो डोकं वरखाली, डावीउजवीकडे हलवतो. त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून अंतर जोखायला सबंध डोकंच हलवावं लागतं.

टिटवीचा राग मात्र दुरूनच बघावा. तिची अंडी उघड्या रानात, ढेकळांत. बहुधा चार, मातीच्या रंगाची, ठिपक्यांची, टोकं आतल्या बाजूला करून मांडलेली. माणूस जवळ आला की ती डोक्यावरून घिरट्या घालते, नाहीतर पंख मोडल्याचं सोंग करून भलतीकडे नेते. वैशाखाच्या उन्हात ती पोटाची पिसं पाण्यात भिजवून येते आणि अंडी गार करते. नांगरट करताना अंड्यांभोवतीचा तुकडा तसाच ठेवून पुढे जाणारे शेतकरी आहेत, आणि मला त्या माणसांबद्दल अतोनात आदर वाटतो.

पाऊस ओसरला की पाहुणे बदलतात. विहिरीच्या पाटाशी शेपटी वरखाली करणारे धोबी येतात. कुंपणावर थिरथिरा येतो: काळपट नर, पोट आणि शेपूट विटकरी, आणि शेपटीला सतत कंप. ज्वारी भरायला लागली की भोरड्यांचे थवे दिसतात. गुलाबी अंग, काळं डोकं-पंख. मध्य आशियाकडे वीण करून त्या हजारोंनी सोलापूर, मराठवाडा, पश्चिम महाराष्ट्राच्या शिवारात उतरतात. कणसांवर त्या तुटून पडतात म्हणून माळ्यावरून गोफण फिरते, ते साहजिकच आहे. पण याच भोरड्या टोळ आणि नाकतोडेही फस्त करतात. संध्याकाळी मुक्कामाला जाण्याआधी त्यांचे थवे आकाशात जे आकार घेतात आणि मोडतात, ते बघायला रस्त्यात थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस, पांगारा फुलला की भोरड्या, साळुंक्या, बुलबुल, कोतवाल, सूर्यपक्षी असे सगळे मधासाठी एका झाडावर येतात आणि कपाळाला पराग माखून पुढच्या झाडाकडे जातात. नवशिक्यानं ओळखी वाढवायला ही पर्वणी. असंच दुसरं झाड म्हणजे उंबर. फळं पिकली की तिथे हरियाल येण्याची आशा असते, पानांत मिसळून जाणारा आपला राज्यपक्षी.

पक्षी घराजवळ यावेत म्हणून फार काही करावं लागत नाही. उन्हाळ्यात मातीचं उथळ परळ झाडाच्या सावलीत ठेवावं, पाणी दोन-तीन बोटं खोल, मधे एक खडबडीत दगड. आणि परळ रोज घासून पाणी बदलावं, कारण घाण पाण्यातून रोग पसरतात. शेजारी झुडूप असावं म्हणजे शिक्रा आला तर पाखरांना लपता येतं, मात्र मांजर दबा धरू शकेल इतकं जवळ नको. फरसाण, शिळा भात, पाव टाकायची गरज नाही. त्यानं कावळे आणि पारवे तेवढे वाढतात. त्यापेक्षा बांधावर बोर, करवंद, बाभूळ राहू द्यावी. घरट्याचे फोटो काढायला फांद्या बाजूला करू नयेत. आडोसा गेलेलं घरटं कावळ्याला लगेच दिसतं.

एक वही ठेवावी. तारीख, वेळ, पक्षी, काय करत होता, एवढं पुरे. नाव माहीत नसेल तर आकार, चोच, शेपूट, आवाज लिहावा. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ किंवा मोबाईलवरचं ‘मर्लिन’ ॲप नंतर नाव सांगेल. त्याच नोंदी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावरही टाकता येतात. देशातल्या सुमारे ३० हजार हौशी निरीक्षकांच्या अशा नोंदींवरून २०२३ मध्ये ९४२ जातींचा अहवाल तयार झाला. त्यात कोकीळ वाढल्याचं दिसलं आणि नीलपंख, म्हणजे दसऱ्याला ज्याचं दर्शन शुभ मानतात तो चास, लक्षणीय घटल्याचं. यातल्या बऱ्याच नोंदी शहरांतल्या आणि अभयारण्यांतल्या असतात. माळरानावरच्या वस्त्यांमधून येतात त्या थोड्या. चास पाऊस संपल्यावर विजेच्या तारांवर दिसायला लागतो आणि उन्हाळ्यात जुन्या झाडांच्या ढोल्यांत वीण करतो. आश्विनात तो पहिल्यांदा कधी दिसला, किती होते, कोणत्या खांबावर, आणि वठलेलं झाड तोडलं त्या वर्षी पुन्हा आला का, हे वहीत असावं.